ओढीचा नकाशा

करमाळ्यात मोनाली बारबोलेचे उडदाचे पापड ज्या घरात गेले नाहीत, असं घर शोधूनच काढावं लागेल. पण त्या काळात नुसते चांगले पापड लाटून धंदा चालत होता होय? छे! पापडाला व्हिडिओ लागायचा. तोही रोज, आणि एक नाही, चार-चार. वीस सेकंदांत माणसाला हसवायचं, भूक लावायची, आणि त्यानं अंगठ्यानं वर ढकलायच्या आत पापडाचं नाव त्याच्या डोक्यात बसवायचं. पीठ मळायचं मोनालीनं, पार्सलं बांधायची मोनालीनं, आणि वर कॅमेऱ्यासमोर गोड हसायचंही तिनंच. बाईचा जीव मेटाकुटीला आला होता.

तिनं काय काय करून बघितलं नाही! रविवारी एका दमात आठवड्याचे व्हिडिओ काढायची. पलंगावर साड्या काढून ठेवायच्या, एक नेसून 'नमस्कार मंडळी' म्हणायचं, आत पळायचं, दुसरी गुंडाळायची, पुन्हा 'नमस्कार मंडळी'. तिसऱ्या साडीपर्यंत तिचं हसू असं काही कडक व्हायचं की नवरा म्हणायचा, "अगं, पापड विकतेयस का वसुलीला निघालीयस?" नवऱ्याचं, बालाजीचं, खाली मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळणारा माणूस. पण बायकोच्या धंद्याचा त्याला भारी अभिमान.

'सवड' आणली ती त्यानंच. एका प्रदर्शनात बघून आला आणि गच्चीच्या चार कोपऱ्यांत, उन्हाच्या हिरव्या जाळीखाली, शर्टाच्या बटणाएवढी चार भिंगं बसवून मोकळा झाला. सोबत कानात घालायचा एक मण्याएवढा तुकडा. कंपनीचं म्हणणं सोपं होतं. तुम्ही तुमचं काम करा, व्हिडिओ आम्ही काढतो. दिवसभराचं सगळं चित्रण यंत्र बघणार, त्यातले वीस-वीस सेकंदांचे तुकडे वेचणार, कापणार, गाणं लावणार आणि टाकणार. मोनालीनं फक्त कानातल्या आवाजाला हो म्हणायचं.

यंत्र कशावरून वेचायचं, ते समजून घ्यायला हवं. एखादी गोष्ट आपल्याला ओढून घेते, हे आपल्याला कळायच्या आधी आपल्या शरीराला कळतं. डोळ्याची बाहुली किंचित रुंदावते, काचेवरचा अंगठा सैल पडतो, श्वास अर्धा क्षण अडतो. हे ज्ञान तसं जुनंच. पूर्वी ते मोजायला माणसाला प्रयोगशाळेत बसवून तारा लावाव्या लागायच्या. त्या वर्षांत फोनच्या पुढच्या भिंगाला आणि काचेला ते मोजता यायला लागलं. कोट्यवधी माणसांचे असे अडलेले श्वास एकत्र करून एक नकाशा तयार झाला. कुठल्या चेहऱ्यापाशी, कुठल्या शब्दापाशी, बोलता बोलता गप्प झालेल्या कुठल्या क्षणापाशी माणूस किती ओढला जातो, याचा नकाशा. कंपनीवाले त्याला 'ओढीचा नकाशा' म्हणायचे.

पहिले काही दिवस नुसती गंमत. गच्चीवर पापड लाटायला गल्लीतल्या बायका यायच्या. ही पद्धत धंद्याच्याही आधीची. उन्हाळ्यात आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, प्रत्येकीनं आपलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं आणि एकमेकींचे वर्षाचे पापड लाटून द्यायचे. मोनालीचा धंदा वाढल्यावर ती बायकांना मजुरी द्यायला लागली. पण कोणाच्या घरचे पापड निघाले की मोनाली आपलं पोळपाट काखोटीला मारून पहिली हजर. त्यात तिनं कधी खंड पडू दिला नव्हता.

तर भिंगं बसली म्हटल्यावर बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. छबूकाकींनी तर लग्नातली नथ घातली. सत्तरीच्या छबूकाकी, साऱ्या गल्लीला लाटायला शिकवलेली बाई. पण त्या दिवशी कोणी ब्र काढेना. सगळ्या अशा बसलेल्या, जणू पासपोर्टचा फोटो काढायचाय.

"अगं बोला की!" मोनाली म्हणाली.

"काय बोलू? नथ टोचतीय," छबूकाकी म्हणाल्या, आणि त्यावर समोरची सारिका अशी खो खो हसली की तिच्या हातातली लाटी उडून छबूकाकींच्या मांडीवर पडली. यंत्रानं नेमकं तेवढंच उचललं. दुसऱ्या दिवशी मोनालीला पार्सलं बांधायला दोरी पुरली नाही.

ही सारिका डमरे म्हणजे मोनालीची जिवाभावाची. दोघी एकाच वर्षी या गल्लीत लग्न होऊन आल्या, समोरासमोरच्या घरांत. सारिकाचा नवरा लवकर गेला. पापड लाटून, शिवणकाम करून तिनं एकुलत्या एका ऋतुजाला वाढवलं. ऋतुजा आता संभाजीनगरला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. गच्चीवर सारिका बोलायला लागली की बाकीच्यांची लाटणी थांबायची. आणि गच्चीवरच्या बोलण्याची एक रीत होती. कोणाची सासू, कोणाचा नवरा, कोणाचं दुखणं, जे काय निघेल ते पापडावर निघायचं आणि पापडावरच राहायचं. जिना उतरल्यावर त्यातलं अक्षर कोणी बाहेर काढायचं नाही. हे कोणी ठरवलेलं नव्हतं, पण आजवर मोडलंही नव्हतं.

हळूहळू बायका भिंगं विसरल्या. नथ गेली, जुने गाऊन आले, त्यावर ओढण्या आल्या, आणि गच्ची पुन्हा पहिल्यासारखी बोलायला लागली. यंत्रही शहाणं होतं. कोणाचं खासगी निघालं तर ते तुकडा बाजूला ठेवायचं, किंवा चेहरे आणि आवाज बदलून टाकू का असं विचारायचं. कायद्यात ते बसत होतं. फक्त हात बदलता येत नसत. खाण्याच्या मालाच्या जाहिरातीत माल आणि तो बनवणारे हात खरेच दिसले पाहिजेत, असा नियम होता. त्या नियमाचं मोनालीला तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

मग 'सवड'चा पुढचा टप्पा आला. हवामानखातं ढग बघून पाऊस सांगतं, तसं यंत्र बायकांचं बोलणं ऐकून सांगायला लागलं की आता ओढ कुठं आहे. आणि पाऊस काही आपल्या हातानं पाडता येत नाही, पण बोलणं पाडता येतं! योग्य वेळी योग्य प्रश्न विचारला की झालं. कानातला आवाज हळूच म्हणायचा, "मोनालीताई, छबूकाकींना त्यांच्या पहिल्या सिनेमाबद्दल विचारा." मोनाली विचारायची. आणि छबूकाकी, ज्यांनी जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं, त्या सासऱ्यांना चुकवून सिनेमाला गेल्याची गोष्ट सांगून लाजायच्या. सगळा देश त्या लाजण्यावर फिदा झाला.

मोनालीला तो आवाज आवडायला लागला, यात नवल ते काय! दिवसभर शंभर जणांशी बोलायचं. गिऱ्हाइकाशी, कुरिअरवाल्याशी, पीठगिरणीवाल्याशी. प्रत्येक वेळी काय बोलायचं ते कोणी कानात सांगत असेल तर डोक्याला केवढा आराम. ती घरातही तुकडा काढेनाशी झाली. बालाजीचं एक मोठं गिऱ्हाईक तुटलं त्या दिवशी ती त्याच्याजवळ बसून असं काही बोलली की त्याचे डोळे भरून आले.

"हल्ली तू फार छान बोलतेस," तो म्हणाला. "पूर्वी म्हणाली असतीस, 'मरू दे, दुसरं मिळेल.'"

मोनाली हसली. तिच्या मनात खरोखर तेच आलं होतं. मरू दे, दुसरं मिळेल.

एप्रिलात मात्र ओढ घसरली. नथ, सिनेमा, सासरे, सगळं लोकांचं बघून झालं. पुण्याच्या एका मोठ्या दुकानवाल्याशी दिवाळीच्या मालाचं बोलणं चाललं होतं, तोही म्हणाला, "ताई, तुमचे व्हिडिओ थंडावलेत जरा. महिनाभर बघू, मग ठरवू." पीठ मळायच्या नव्या यंत्राचं, खालच्या गोदामाचं, मोनालीचं सगळं त्या एका होकारावर ठरलं होतं.

तो महिना सरत आला तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, जाळीखालीही ऊन भाजत होतं. छबूकाकी दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून पिठाच्या वळीच्या लाट्या पाडत होत्या. सारिका खाली मान घालून लाटत होती. कानात आवाज आला.

"मोनालीताई, सारिकाताईंना विचारा, डावा हात जपून का वापरता?"

मोनालीनं बघितलं. तिला तर काहीच दिसलं नाही. सारिका नेहमीसारखीच लाटत होती. पण भिंगांनी महिनोन्महिने ते हात बघितले होते. डावा दंड अंगाला चिकटून राहतो आहे, पापड फिरवताना खांदा उचलत नाही, हे यंत्रानं कधीच टिपलं होतं. आणि इथं ओढ प्रचंड आहे, हेही त्यानं नकाशावर ताडून बघितलं होतं.

"सारे," मोनाली म्हणाली, "डावा हात असा जपून का गं वापरतेस?"

सारिकाचं लाटणं थांबलं. तिनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि मग, हे मोनालीला पुढं कधी विसरता आलं नाही, मग आनंद आला.

"तुला कळलं होय गं?" ती म्हणाली. "मला वाटलं कोणाचंच लक्ष नाही. एवढं बारीक बघतेस होय माझ्याकडे?"

आणि ती रडायला लागली. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून तिनं सगळं सांगून टाकलं. छातीत गाठ होती. सोलापूरला दाखवून आली होती, तपासणी झाली होती, गाठ वाईटच निघाली होती. डॉक्टर लगेच या म्हणत होते. तिनं हातापाया पडून महिनाभर मागून घेतला होता. "पोरीची परीक्षा होऊ दे. तिला कळलं तर ती सगळं टाकून येईल. बाई गं, एवढ्यासाठी तर हे सगळं केलं. तेवढा महिना कोणी तोंडातनं शब्द काढू नका."

छबूकाकींनी तिला जवळ घेतलं. सगळ्या रडल्या. मोनालीही रडली, आणि ते रडणं खरं होतं. कोणी काही सांगायची गरज पडली नाही. ती उठली आणि सारिकाचे पिठाचे हात आपल्या हातात घेऊन किती तरी वेळ बसली.

संध्याकाळी कुरिअरची गाडी गेल्यावर कानात आवाज आला. "आजचा एक भाग फार ओढीचा आहे. इतकी ओढ आपल्या गच्चीवर आजवर दिसलेली नाही. चेहरे आणि आवाज बदलून टाकू का?"

"नको," मोनाली म्हणाली. लगेच म्हणाली, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

पण मग तिनं तो तुकडा बघितला. बघायला नको होता. सारिका तिथं सारिका नव्हतीच. कोणी गोरी, रुंद कपाळाची, परक्या आवाजाची बाई होती. नाव नाही, गाव नाही. शेवटी दोन मैत्रिणींचे पिठाचे हात एकमेकांत. तिनं बालाजीला दाखवलं.

"ही सारिकावहिनी आहे?" तो चकित झाला. "मला सांगितलं नसतंस तर कळलं नसतं. अगं, चेहरा नाही, आवाज नाही, कोणाला काय पत्ता लागणार? उलट चार बायका बघून वेळेवर दवाखान्यात जातील. पुण्यच आहे."

मोनालीला हेच ऐकायचं होतं. पुणेवाल्याचा महिना संपत आला होता. उद्या सारिकाला विचारून टाकू, असं तिनं ठरवलं. पण विचारलं तर ती नाही म्हणेल, हेही तिला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवताना ती म्हणाली, "टाका."

व्हिडिओनं कहर केला. दुपारपर्यंत तो कुठल्या कुठं गेला. पुणेवाल्याचा स्वतःहून फोन आला. आणि संभाजीनगरच्या होस्टेलच्या मेसमध्ये, परीक्षेचे निम्मे पेपर झालेली ऋतुजा जेवत असताना, शेजारच्या मुलीनं फोन तिच्यापुढं धरला. "बघ ना गं, किती रडायला येतं."

ऋतुजानं परकी बाई बघितली, परका आवाज ऐकला. आणि मग हात बघितले. अंगठ्यानं पापडाची कड दाबून पाव फेरा फिरवायची ती लकब. उजव्या मनगटावरचा तेलाच्या भाजण्याचा डाग. जन्मापासून ज्या हातांनी तिची वेणी घातली, ते हात तिला कळणार नव्हते का? त्या हातांखाली पट्टी फिरत होती, 'पहिल्या ऑर्डरवर लोणच्याची पुडी मोफत.' ताट तसंच टाकून पोरगी एसटी स्टँडवर गेली. उरलेले पेपर बुडाले.

हे सगळं मोनालीला नंतर कळलं. त्या दिवशी तिला एवढंच दिसलं, की समोरच्या दारात रिक्षा थांबली, ऋतुजा उतरली आणि आईच्या गळ्यात पडली. सारिकाला आधी काही समजेना. पोरीनं तिच्यापुढं फोन धरला. सारिकानं तो शेवटपर्यंत बघितला, मग मान वर करून मोनालीच्या गच्चीकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फक्त पोरीला आत घेतलं आणि दार लावलं.

मोनाली धावत गेली. दार वाजवलं, हाका मारल्या. आतून ऋतुजाचा आवाज आला, "काकू, आई भेटणार नाही."

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका एकेक करून गच्चीवर आल्या आणि आपापलं पोळपाट-लाटणं उचलून घेऊन गेल्या. कोणी म्हणालं घरी पाहुणे आहेत, कोणी म्हणालं गुडघे दुखतात. शेवटी छबूकाकी राहिल्या.

"काकी, चेहरा बदलला होता हो. आवाजसुद्धा," मोनाली रडकुंडीला येऊन म्हणाली.

"आणि सारिकाचा हात मी नाही ओळखायची? माझ्या शेजारी बसून शिकली ती." छबूकाकी जिन्यापाशी थांबल्या. "एक सांग. त्या दिवशी तिला हाताचं विचारलंस, ते तुला दिसलं होतं का?"

मोनालीचा हात नकळत कानाशी गेला. छबूकाकींनी तिच्या कानाकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि कठड्याला धरून जिना उतरल्या. त्या उन्हाळ्यात गल्लीत घरोघरी पापड झाले. मोनालीला बोलावणं कोणाकडूनच आलं नाही.

धंदा मात्र थांबला नाही. थांबला असता तर तिला कदाचित बरं वाटलं असतं. पापड लाटायला मोनालीनं दुसऱ्या पेठेतून बायका आणल्या. त्या मुकाट काम करून जायच्या. 'सवड'जवळ जुन्या गच्चीचं ढीगभर चित्रण होतं. तेवढ्यावरून त्यानं नवे चेहरे घडवले, जुन्या बोलण्यासारखं नवं बोलणं रचलं, आणि फोनमधल्या गच्चीवर बायका पूर्वीसारख्याच हसायला लागल्या. हात तेवढे त्या नव्या बायकांचे. मोनाली दुपारी जेवताना ते व्हिडिओ बघत बसायची. त्यातली एक बाई हसली की तिचा घास हातातच राहायचा. चेहरा वेगळा, आवाज वेगळा, पण हसणं कोणाचं होतं ते तिला कळायचं.

बोलायला कोणी नाही म्हणून कानातला तुकडा आता दिवसभर कानातच असायचा.

सारिकाचं ऑपरेशन झालं, औषधं झाली. पावसाळ्यात बरी आहे म्हणत होते, दिवाळीला पुन्हा ॲडमिट केल्याचं कळलं. मोनालीनं किती निरोप पाठवले! एकाचंही उत्तर आलं नाही. तिला दुसरं काही नको होतं. सारिकानं एकदा 'मोने' म्हणून हाक मारावी आणि झालंगेलं सोडून द्यावं, एवढ्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. डिसेंबरात एका दुपारी ऋतुजाचा फोन आला. "काकू, आई म्हणतेय, या."

सोलापूरच्या एसटीत बसल्यावर मोनालीनं कानातला तुकडा काढून पर्समध्ये टाकला. हे माझं मी बोलणार, असं तिनं मनाशी ठरवलं. वाटभर ती शब्द जुळवत होती.

वॉर्डात सारिका उशीला टेकून पडली होती. केस गेले होते, गळ्याची हाडं वर आली होती. ऋतुजा औषधं आणायला खाली गेली. मोनाली स्टुलावर बसली आणि वाटभर जुळवलेले शब्द पार नाहीसे झाले. तिच्या तोंडून काय निघावं?

"जेवलीस का?"

अन्नाचा कण पोटात ठरत नव्हता त्या बाईला. सारिकानं तिच्याकडे नुसतं बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

एवढीच एक वेळ होती आणि तीही हातातून चालली होती. "पाणी आणते," म्हणून मोनाली बाहेर आली, व्हरांड्यात भिंतीला टेकली आणि पर्स उघडली. तुकडा कानात घालून केस वरून ओढून घेतले. दबक्या आवाजात सगळं सांगितलं.

"आत जा," आवाज शांतपणे म्हणाला. "मी ऐकतो आहे."

ती परत येऊन बसली. सारिकानं हळूच मान वळवली.

"मोने," ती म्हणाली. आवाज अगदी खोल गेला होता. "कानात काही नाही ना?"

"नाही म्हणा," आवाज म्हणाला.

"नाही," मोनाली म्हणाली.

"मग बोल."

कानात शब्द येत गेले, आणि मोनाली ते जसेच्या तसे बोलत गेली. "सारे, मी माफी मागायला आले नाही. तू ती देऊ नयेस असंच मला वाटतं. तू नव्हतीस तरी गच्चीवर ऊन रोज आलं, पापड रोज वाळले. फक्त तुझ्या जागेवर मी कोणाला बसू दिलं नाही. एवढंच तुला सांगायचं होतं."

सारिकाचा चेहरा हळूहळू विरघळला. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांवर ओघळलं. तिनं चादरीतून हात काढला, तो डावा हात, आणि मोनालीच्या मांडीवर ठेवला.

"वेडी आहेस," ती म्हणाली. "किती दिवस मला हेच वाटायचं गं, की तू कधी माझी नव्हतीसच, त्या यंत्राचीच होतीस. आता नाही वाटत. जा, सोडलं सगळं."

हात हातात असतानाच तिला झोप लागली. कानात आवाज म्हणाला, "खूप छान झालं, मोनालीताई." मोनालीनं तुकडा उपटून मुठीत आवळला. तिनं तिथं बसल्या बसल्या ठरवलं, ही जागी झाली की खरं सांगायचं. जागेवर कोणाला बसू दिलं नाही, हेसुद्धा खोटं होतं. दुसऱ्या पेठेतली बाई तिथंच बसत होती. सगळं सांगायचं. मग जे होईल ते होवो.

तासाभरानं सारिका जागी झाली. तिनं मोनालीकडे बघितलं आणि हसली. कित्येक महिन्यांत ती तशी हसली नव्हती, असं औषधं घेऊन परत आलेली ऋतुजा दारातून म्हणाली. "मोने, तू अजून बसलीयस?" सारिका म्हणाली. "पाणी दे गं."

मोनालीनं तोंड उघडलं. मग तिनं पाणी दिलं.

संक्रांतीच्या आधीच सारिका गेली. गल्लीनं मोनालीला दारात येऊ दिलं, रडू दिलं. छबूकाकींनीसुद्धा पाठीवर हात ठेवला. शेवटी दोघींचं मिटलं, हे फार बरं झालं, असं जो तो म्हणाला. मोनाली मान हलवत राहिली.

दिवसपाणी उरकल्यावर ऋतुजा निरोप घ्यायला आली. बुडालेले पेपर द्यायला ती परत निघाली होती. ती मोनालीसमोर बसली, चहा घेतला, आणि कप खाली ठेवत म्हणाली, "काकू, तुम्ही येऊन गेल्यावर आई फार हलकी झाली होती. शेवटचे दिवस तिला सोपे गेले. मी तिला विचारलं, काकू असं काय बोलल्या? तर म्हणाली, तिलाच विचार, तिच्याच तोंडून ऐक. मला ते ऐकायचंय, काकू. जशाच्या तसं."

मोनाली बोलायला गेली आणि थांबली. काही तरी उन्हाचं होतं. पापड होते त्यात. तिनं डोळे मिटून घेतले. सारिकाचा हात आठवला, वॉर्डाचा वास आठवला, उशीवरचा पाण्याचा डागसुद्धा आठवला. आपण काय बोललो, त्यातला एक शब्द मात्र आठवेना.

"आठवत नाही गं," ती म्हणाली.

ऋतुजा वाट बघत राहिली. मग तिनं एकदाच मोनालीच्या कानाकडे बघितलं, उठली, आणि दारात जाऊन चपला घालायला लागली.